फक्त बिया खाणारी किकी: एका कॉकाटीलचं जेवण बदललं ते कसं

किकी माझ्या मैत्रिणीची कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा ऑस्ट्रेलियन पोपट. मादी, वय सहा-सातच्या आसपास, आणि पहिल्यापासून खाणं एकच, पाकिटातलं सीड मिक्स, त्यातही आधी सूर्यफुलाच्या बिया वेचायच्या मग पांढरं मिलेट, आणि उरलेलं सगळं चोचीने पिंजऱ्याबाहेर उडवायचं. भाजी नाही, फळ नाही, पेलेट (पोषणाचं सगळं मिसळून बनवलेलं पक्ष्यांचं तयार दाणेदार खाद्य) तर वाटीत दिसला तरी तुरा मागे चपटा करून फिस्स करायची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं की ती नखरेल आहे, दुसरं काही खातच नाही. दिसायला गोलमटोल, आवाज खणखणीत, मग कशाला कोण काळजी करतंय.

प्रकरण उघडकीला आलं अंड्यांमुळे. नर नसला तरी कॉकाटील मादी अंडी घालते, ते नॉर्मल आहे, पण किकीची एक खेप संपली की दुसरी सुरू असं चाललं होतं आणि शेवटच्या खेपेतली अंडी मऊ, कवच धड नसलेली निघाली. मग एक दिवस ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली, शेपटी वरखाली हलतेय, जोर लावतेय आणि अंडं बाहेर येत नाहीये. असं दिसलं तर घरी तेल-पाणी-शेक करत बसायचं नाही, लगेच पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे पळायचं. मैत्रीण पळाली म्हणून किकी वाचली. तिथे ऊब दिली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि अंडं निघालं.

नंतरच्या तपासणीत खरी गोष्ट कळली. रक्तात कॅल्शियम कमी. चोच उघडून बघितलं तर टाळूच्या फटीच्या कडेला जे बारीक टोकदार उंचवटे असतात ते झिजून जवळजवळ सपाट झालेले, हे व्हिटॅमिन ए कमी पडल्याचं ओळखीचं लक्षण. आणि वजन १०४ ग्रॅम, छातीच्या हाडावर चरबी हाताला लागत होती. म्हणजे पक्षी एकाच वेळी जाड आणि कुपोषित. हे ऐकून मैत्रिणीच्या सासूबाईंना पटेचना, म्हणाल्या, "अगं एवढं खाते ती, कुपोषित कशी असेल?" प्रश्न बरोबर आहे आणि बियांवर वाढवलेल्या बहुतेक पक्ष्यांच्या घरात तो विचारला जातो.

उत्तर बियांमध्येच आहे. सूर्यफुलाच्या गराचं निम्मं वजन चरबीचं असतं. कॅल्शियम त्यात १०० ग्रॅमला साधारण ८० मिलिग्रॅम पण फॉस्फरस ६०० च्या वर, आणि पक्ष्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा निदान थोडं तरी जास्त लागतं, इथे प्रमाण पूर्ण उलटं. मग मिलेट बरं का? चरबीच्या बाबतीत हो, जेमतेम ४ टक्के, पण कॅल्शियम सूर्यफुलापेक्षाही कमी. व्हिटॅमिन ए दोन्हींत नसल्यातच जमा. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, जेवणातून कॅल्शियम येत नसेल तर शरीर ते हाडांतून ओढतं आणि एका मर्यादेनंतर तिथूनही मिळत नाही. शिवाय व्हिटॅमिन डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही, आणि किकीचा पिंजरा खिडकीशी असला तरी काच बंद, काचेतून उजेड येतो पण डी३ बनवणारे यूव्हीबी किरण अडतात.

इथे एक मुद्दा नेहमी येतो की जंगलात तर बियाच खातात ना. खातात, ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या माळरानावर कॉकाटील गवताच्या बियांवरच जगतात, पण त्या अनेक प्रकारच्या, अर्धकच्च्या हिरव्या सुद्धा, जमिनीवर फिरून वेचलेल्या, दिवसभर उन्हात आणि त्यासाठी मैलोन् मैल उडून. पाकिटातल्या दोन-तीन वाळक्या प्रकारांशी त्याची तुलनाच नको.

घरात पाण्यात घालायचे व्हिटॅमिनचे थेंब मात्र आधीपासून होते आणि त्याच्यावर सगळे निश्चिंत होते. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. पाण्यात व्हिटॅमिन्स लवकर नासतात, पाणी बुळबुळीत होऊन बॅक्टेरिया वाढतात, चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो, आणि किती पोटात गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. बियांवर भुरभुरवायची पावडर पण तशीच, पोपट बी सोलून खातो त्यामुळे पावडर सालीबरोबर खाली पडते. डॉक्टरांनी थेंब बंद करायला सांगितले आणि कॅल्शियमचं औषध स्वतः मोजून दिलं. डी३ मनाने देऊ नका हेही सांगितलं कारण ते जास्त झालं तर किडनीला भारी पडतं, आणि पेलेटमध्ये ते आधीच घातलेलं असतं.

आता खरी अडचण. पेलेट सुरू करा असा कागद हातात घेऊन मैत्रीण घरी आली आणि सरळ बिया उचलून पेलेट ठेवले, भूक लागली की खाईल म्हणून. हा सल्ला मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की वैताग येतो. वाटीत पेलेट कमी झालेले दिसायचे, खाली चुरा पण पडलेला, घरात सगळे खूश. प्रत्यक्षात ती ते चोचीत धरून चुरगाळून टाकत होती, पोटात काहीच जात नव्हतं. वजन केलं तेव्हा ९७. दोनच दिवसांत सात ग्रॅम म्हणजे जवळजवळ ७ टक्के. शी बघितली तर अगदी थोडी, गडद हिरवी, चिकट, म्हणजे आतडं रिकामं. तेव्हा मला फोन आला. मी म्हटलं बाई आधी बिया ठेव, आत्ताच्या आत्ता, मग बोलू.

छोट्या पक्ष्यांचा चयापचय इतका जलद असतो की उपाशी राहणं त्यांना झेपतच नाही, आणि लिव्हरमध्ये आधीच चरबी साठलेली असेल तर उपास जास्तच धोक्याचा. आणि तो हट्ट नसतो हो. पोपटाच्या पिल्लाला काय खायचं ते आईबाप आणि थवा बघून कळतं, त्या वयात जे पाहिलं नाही ते पुढे त्याला अन्न वाटतच नाही. तुमच्या ताटात कुणी रंगीत खोडरबराचे तुकडे वाढले आणि म्हणाले भूक लागली की खाशील, तर तुम्ही खाल का? किकीसाठी पेलेट म्हणजे तेवढंच. तिला ही गोष्ट खायची असते हे आधी शिकवायला हवं होतं आणि ते शिकेपर्यंत पोट भरलेलं राहायला हवं होतं. आमचं पुढचं सगळं या दोन गोष्टींवर चाललं.

पहिली खरेदी झाली ग्रॅममध्ये मोजणाऱ्या किचनच्या डिजिटल काट्याची. त्यावर एक छोटी दांडी बसवली, रोज सकाळी पहिली शी झाल्यावर आणि खाण्याआधी किकीला त्यावर बसवायचं आणि आकडा लिहायचा. डॉक्टरांशी बोलून सीमा ठरवली की नेहमीच्या वजनापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घसरण पटकन झाली तर प्रयोग थांबवून बिया पूर्ववत, आणि १० टक्क्यांच्या जवळ गेली तर थेट दवाखाना. तिचं वजन कमी व्हायला हवंच होतं, पण महिन्यांमध्ये, दिवसांत नाही. वाटीकडे बघून अंदाज बांधणं बंद केलं कारण वाटी खोटं बोलते, बियांची वाटी तर जास्तच, वरती सालींचा थर असतो आणि माणसाला वाटतं वाटी भरलेली आहे. एका घरी पक्षी याच कारणाने उपाशी राहिलेला मला माहीत आहे.

खरी खूण शीमध्ये मिळते. तिचे तीन भाग असतात, घट्ट भाग, पांढरा युरेट (लघवीचा पिठासारखा भाग) आणि पाणी. बिया खाणाऱ्या पक्ष्याचा घट्ट भाग हिरवट असतो, पेलेट पोटात जायला लागले की तो तपकिरी होतो, रंगीत पेलेट असतील तर त्या रंगाचा. पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद अंथरला की रोज दिसतं. पेलेट नुसते फोडतेय की गिळतेय या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर मिळायचं. घरातल्या पोरांना हे काम किळसवाणं वाटेल असं वाटलं होतं, उलट तेच सकाळी धावत जाऊन बघायचे.

मग जेवणाच्या वेळा. आधी वाटी चोवीस तास भरलेली असायची. आता बिया सकाळी आणि संध्याकाळी, पोट भरेल एवढ्या, मधला वेळ पिंजऱ्यात पेलेट आणि भाजी. दुपारची जी बारीक भूक असते ती नवीन गोष्ट चाखून बघायला सगळ्यात चांगली, उपासमार पण नाही आणि पोट तुडुंब पण नाही. याचा एक फायदा अंड्यांच्या बाजूनेही झाला, कारण कितीही खा अशी भरलेली वाटी, मोठा दिवस आणि लपायला अंधारी जागा हे तिन्ही मिळालं की मादीच्या शरीराला वाटतं पिल्लं वाढवायचा सीझन आला. पिंजऱ्यातला कापडी तंबू काढला, कपाटाखाली जाणं बंद केलं, रात्री लवकर अंधार करून उजेड दहा-बारा तासांवर आणला. घातलेली अंडी मात्र लगेच उचलायची नाहीत, उचलली की ती भरपाई म्हणून अजून घालते, खोटी अंडी ठेवून तिला बसून कंटाळू द्यायचं.

आता पेलेट. मोठे गोल पेलेट बाजूला ठेवून सगळ्यात बारीक चुऱ्यासारखे आणले, मिलेटच्या दाण्याएवढे. पोपटांना चवीच्या कळ्या आपल्यापेक्षा खूपच कमी, काही शेकड्यांत, आपल्याला हजारांत, त्यामुळे आकार आणि चोचीला लागणारा पोत याला त्यांच्याकडे जास्त किंमत. बियांना थोडं पाणी लावून पेलेटची पावडर चोळली, म्हणजे बी सोलताना जिभेला तो स्वाद लागतो. हे ओलं मिश्रण दोन-तीन तासांत उचलायचं, नाहीतर आंबतं. मधला पूल म्हणून मोडाच्या बिया चांगल्या चालल्या, ओळखीचं बीच पण ओलं आणि मऊ, तिथून ओल्या पेलेटपर्यंतचं अंतर कमी होतं. फक्त मोड आणताना दिवसातून दोन-तीनदा धुवायचं आणि जरा जरी वास आला तरी फेकून द्यायचं, बुरशी पक्ष्यांना वाईट लागते.

ज्यूसमध्ये भिजवलेले पेलेट फुकट गेले. सारखा ब्रँड बदलून बघणं पण फुकट गेलं, उलट दरवेळी तिच्यासाठी सगळं पहिल्यापासून नवीन. एकच धरा आणि चिकटून राहा.

गाडी पुढे सरकली ती पिंजऱ्याच्या बाहेर. किकीला घरातल्यांच्या ताटात डोकावायची सवय होतीच, आधी तिला हाकलायचे. मी सुचवलं की जेवणाच्या टेबलावर एक पसरट बशी ठेवा, त्यात पेलेट टाका आणि तुम्ही ते बोटाने वेचून खाल्ल्यासारखं करा, मिटक्या मारा, आणि तिला मुळीच देऊ नका. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "हे आता मला पण करायला लावणार का?" लावलं. कॉकाटील जमिनीवर थव्याने वेचणारा पक्षी, थवा जे टिपतोय ते टिपायचं हे त्याच्या रक्तात आहे, आणि सपाट जागेवर पसरलेलं खाणं त्याला खोल वाटीपेक्षा जास्त खाण्यासारखं वाटतं. पहिले काही दिवस ती नुसती बशीभोवती फिरली. मग एक कण उचलून टाकला. मग बोटाखालचा कण पळवला आणि लांब जाऊन चावत बसली. वाटीत आयता ठेवलेला तोच पेलेट तिने कित्येक दिवस खाल्ला नव्हता! त्यानंतर तळाच्या कागदावर पहिला तपकिरी ठिपका दिसला त्याचा फोटो मला रात्री साडेअकराला आला, आयुष्यात कुणी मला शीचा फोटो इतक्या आनंदाने पाठवला नव्हता.

भाजीला वेगळी युक्ती लागली. वाटीतली चिरलेली भाजी तिने बघितली नाही, पण ओली पालेभाजी पिंजऱ्यात वरच्या दांडीजवळ क्लिपने टांगली तर ती त्यात अंग घासून आंघोळ करायला लागली आणि आंघोळ करता करता कुरतडायला. गाजर किसून मोडाच्या बियांत मिसळलं. लाल ढोबळी मिरची बियांसकट दिली, आतल्या बिया बघून आली आणि मग गर पण खायला लागली. ब्रोकोलीच्या वरच्या बारीक कळ्या तिला बियांसारख्याच वाटत असाव्यात. व्हिटॅमिन ए साठी हेच रंग बघायचे, गडद हिरवा, केशरी, लाल. लेट्यूस आणि काकडीत मुख्यतः पाणी, ती देऊन भाजी दिल्याचं समाधान फक्त आपल्याला. पालक चालतो पण रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि किकीच्या बाबतीत तर ते नकोच होतं. अवोकाडो, चॉकलेट, कॉफी, दारू, कांदा, खारट पदार्थ हे चुकूनही नाही, अवोकाडो तर पक्ष्यांना जीवघेणं ठरतं, आणि टेबलावरची बशी सुरू केल्यावर हे घरात सगळ्यांना बजावून सांगावं लागलं.

सगळ्यात अवघड भाग पक्ष्याचा नव्हताच, सासूबाईंचा होता. किकी ओरडली की त्या तळहातावर सूर्यफूल घेऊन जायच्या, वर्षानुवर्षं. म्हणजे किकी शिकली होती की ओरडलं की बी मिळतं, आणि पेलेट समोर असताना ओरडून जास्त चांगलं मिळत असेल तर पेलेट कोण खाणार? त्यांना नुसतं देऊ नका म्हणून उपयोग नव्हता, देण्यात त्यांचा जीव होता. म्हणून सूर्यफूल बंद न करता त्यांच्याच ताब्यात दिलं. वाटीतलं सूर्यफूल पूर्ण गेलं, रोजच्या मोजक्या बिया एका डबीत आणि त्या फक्त कामाचा मोबदला म्हणून, काडीच्या टोकाला चोच लावली की एक बी, काट्यावर स्वतःहून चढली की एक, गाजराचा कण तोंडात घेतला की एक. ओरडण्याला काही नाही. पहिले काही दिवस ओरडणं दुप्पट झालं, ते होतंच, तेव्हा कुणी एकाने जरी बी दिली तर सगळं पाण्यात. सासूबाई टिकल्या. नंतर तर काट्यावर चढवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करूच दिलं नाही, आणि वजनाची वही पण त्यांच्याच अक्षरात आहे.

तिचा रिकामा वेळही भरून काढावा लागला. जंगलात पोपटाचा दिवसातला मोठा हिस्सा खाणं शोधण्यात जातो, घरात वाटीसमोर काम पटकन संपतं आणि मग उरलेला दिवस ओरडायला मोकळा. म्हणून पेलेट कागदाच्या पुड्यांत गुंडाळून, तळाशी कागदाच्या पट्ट्यांत पसरून द्यायला सुरुवात केली. किकीला पुड्या फाडण्यातच इतकी मजा यायची की खाणं दुय्यम, पण फाडता फाडता जायचं पोटात.

वजन सुरुवातीला १०४ च्या आसपास रेंगाळलं, मग काही महिन्यांत हळूहळू ९५-९६ वर येऊन थांबलं. मध्ये एकदा आठवडाभर घर बंद होतं आणि किकी ओळखीच्यांकडे राहिली, तिथे तिला पुन्हा फक्त सीड मिक्स मिळालं, परत आल्यावर पेलेटला तोंड लावेना. पण या वेळी बशीची युक्ती लवकर चालली, कारण हे अन्न आहे हे तिला आता माहीत होतं. आता कुठे ठेवायची वेळ आली तर मैत्रीण तिच्याबरोबर काटा, पेलेटची बरणी आणि मोजलेल्या बियांच्या रोजच्या पुड्या देते.

सध्या साधारण अर्धं जेवण पेलेट, पाव भाग भाजी आणि मोड, बाकी बिया, त्या पण मिलेटकडे झुकलेल्या. काही लोक सगळं पेलेटवर न्या म्हणतात, कॉकाटीलसाठी मला ते गरजेचं वाटत नाही, आणि डॉक्टरांनाही हे प्रमाण चाललं. फळ ती अजून खात नाही, रताळं तर फेकूनच देते, फळाचं मला काही वाटत नाही कारण त्यात साखर आणि पाणीच जास्त. पुढच्या रक्ततपासणीत कॅल्शियम नॉर्मल आलं. टाळूचे उंचवटे थोडे परत दिसायला लागलेत पण पूर्वीसारखे पूर्ण होतील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. अंडी थांबलेली नाहीत, वर्षाला एखादी खेप होते, कवच घट्ट असतं. त्या काळात कटलबोन (कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायचं कटलफिश या समुद्री जीवाचं हाड) पिंजऱ्यात असतं आणि कॅल्शियमचं औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि तळाच्या कागदावर नजर थोडी जास्त असते.